इंजिनाची अश्वशक्ती : आकडा कोणाचा, साक्ष कोणाची?

विहिरीवरचा पंप, लहान जनित्र, फवारणीचे यंत्र, गवत कापण्याचे यंत्र अशी कितीतरी यंत्रे एका सिलिंडरच्या छोट्या इंजिनावर चालतात. या इंजिनावर पत्र्याची एक पट्टी बसवलेली असते आणि तिच्यावर एक आकडा असतो : ३ अश्वशक्ती, ५ अश्वशक्ती, साडेसहा अश्वशक्ती. गिऱ्हाईक दुकानात शिरले की पहिला प्रश्न याच आकड्याचा असतो आणि पैसेही बऱ्याच अंशी याच आकड्याचे मोजले जातात.

वाण्याकडून साखर घेताना तराजू आपल्या डोळ्यांसमोर असतो. वजनांवर सरकारी शिक्का असतो. शंका आलीच, तर घरी येऊन पुन्हा तोलून पाहता येते. इंजिनाची अश्वशक्ती मात्र गिऱ्हाइकाला दुकानात तोलता येत नाही आणि घरीही तोलता येत नाही. मग पट्टीवरचा आकडा खरा कशावरून मानायचा? तो कोणी मोजला, कोणत्या परिस्थितीत मोजला आणि मोजताना समोर कोण होते? या प्रश्नांची उत्तरे शोधायची, तर आधी थोडे पदार्थविज्ञान आणि मग थोडा इतिहास पाहावा लागेल.

अश्वशक्तीचा जन्म

शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर, ही व्याख्या आपण नववीत शिकतो. एका सेकंदात एक ज्यूल कार्य झाले, तर शक्ती एक वॉट. अश्वशक्ती हे एकक त्याहून जुने आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॉट आपली वाफेची इंजिने विकू लागले, तेव्हा गिरण्या आणि मद्य गाळण्याचे कारखाने घोड्यांच्या बळावर चालत. ‘तुमचे इंजिन माझ्या किती घोड्यांचे काम करील?’ हाच त्यांच्या मालकांचा प्रश्न असे. या प्रश्नाला उत्तर देता यावे म्हणून वॉट यांनी एका घोड्याची शक्ती ठरवून टाकली. ३३,००० पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलणे, म्हणजे एक अश्वशक्ती. वॉटमध्ये रूपांतर केल्यास ती सुमारे ७४६ वॉट भरते.

हे एकक विक्रीच्या बोलण्यातून जन्माला आले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे युरोपात मेट्रिक अश्वशक्ती प्रचारात आली. ७५ किलोग्रॅम वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे, अशी तिची व्याख्या असून तिचे मूल्य ७३५.५ वॉट आहे. दोन्ही अश्वशक्तींत दीड टक्क्याच्या आतबाहेर फरक आहे. हा फरक लहान खरा, पण एकच इंजिन दोन वेगळे आकडे कसे दाखवू शकते याचा हा पहिला नमुना होय.

शक्ती मोजतात कशी?

फिरत्या दांड्याची शक्ती थेट मोजणारे साधन नाही. आपण दोन राशी मोजतो आणि त्यांचा गुणाकार करतो. पहिली राशी म्हणजे दांड्याचा वेग आणि दुसरी म्हणजे त्याचे पीडन परिबल, ज्याला कारखान्यात टॉर्क म्हणतात. दांड्याला फिरवणारा ‘पीळ’ किती आहे हे टॉर्क सांगतो. बल गुणिले बलाचे मध्यापासूनचे लंबांतर, असा तो काढतात.

१८२१ मध्ये फ्रेंच अभियंते प्रोनी यांनी टॉर्क मोजण्याची एक अत्यंत साधी युक्ती योजली. इंजिनाच्या दांड्यावरील चाकाला दोन लाकडी ठोकळ्यांनी घट्ट पकडायचे आणि ठोकळ्यांना एक लांब आडवा दांडा जोडायचा. चाक फिरताना घर्षणामुळे ठोकळ्यांना आपल्याबरोबर ओढू पाहते, पण आडव्या दांड्याचे टोक तराजूवर टेकलेले असल्याने ठोकळे फिरू शकत नाहीत. तराजू जे बल दाखवतो, त्याला दांड्याच्या लांबीने गुणले की टॉर्क मिळतो. यालाच प्रोनीचा ब्रेक म्हणतात. ‘ब्रेक हॉर्सपॉवर’ हा शब्दप्रयोग अशाच मापनपद्धतीतून आला.

एक उदाहरण करून पाहू. समजा, आडव्या दांड्याची लांबी अर्धा मीटर आहे आणि तराजू २ किलोग्रॅम वजनाइतके, म्हणजे १९.६ न्यूटन बल दाखवतो. तर टॉर्क ९.८ न्यूटन-मीटर झाला. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५० फेरे घेत आहे.

शक्ती = २π × (सेकंदातील फेरे) × टॉर्क
= २ × ३.१४१६ × ५० × ९.८
= सुमारे ३,०८० वॉट
= सुमारे ४.१ अश्वशक्ती

आजच्या प्रयोगशाळांत लाकडी ठोकळ्यांऐवजी पाण्याच्या घुसळणीवर किंवा विद्युतचुंबकीय भोवरा-प्रवाहांवर चालणारे शक्तिमापक असतात आणि तराजूच्या जागी विद्युत बलमापक असतो. तत्त्व मात्र तेच आहे. दांड्याची लांबी मोजण्यात ५० सेंटिमीटरमागे एका सेंटिमीटरची चूक झाली, तर अश्वशक्तीत दोन टक्क्यांची चूक होते. म्हणून साधनांची वेळोवेळी तपासणी करावी लागते. पण साधने अगदी अचूक असली, तरीही एक मोठी अडचण शिल्लक राहते.

एकच इंजिन, अनेक आकडे

वस्तूचे वस्तुमान हा त्या वस्तूचा स्वतःचा गुण आहे. ते पुण्यात मोजले काय किंवा नागपुरात मोजले काय, सारखेच येते. इंजिनाची अश्वशक्ती तशी नाही. ती इंजिनाची आणि परिस्थितीची मिळून असते. चार गोष्टींनी ती बदलते.

पहिली गोष्ट, इंजिनावर काय काय चढवले आहे. सिलिंडरमध्ये जाणारी हवा गाळणीतून यावी लागते आणि जळालेला वायू सायलेन्सरमधून बाहेर पडावा लागतो. हे दोन्ही अडथळेच आहेत आणि त्यांवर मात करण्यात काही शक्ती खर्च होते. गाळणी व सायलेन्सर काढून मोजलेल्या शक्तीला स्थूल शक्ती म्हणतात. प्रत्यक्ष वापरात असतात ते सर्व भाग बसवून मोजली, तर ती निव्वळ शक्ती. अमेरिकेतील मोटारींच्या जाहिरातींत १९७१ पर्यंत सर्रास स्थूल आकडे देत. १९७२ च्या मॉडेलांपासून निव्वळ आकडे देण्यास सुरुवात झाली, तेव्हा कॅडिलॅक एल्डोराडो या मोटारीच्या ८.२ लिटर इंजिनाचा आकडा ३६५ वरून २३५ वर आला. इंजिनात तसा काही मोठा बदल झालेला नव्हता, मोजण्याची पद्धत तेवढी बदलली होती. लहान इंजिनांतही हेच दिसते. होंडा कंपनीचे १६३ घनसेंटिमीटरचे जीएक्स १६० हे इंजिन पूर्वी साडेपाच अश्वशक्तीचे म्हणून ओळखले जाई. निव्वळ पद्धतीने त्याच इंजिनाचा आकडा मिनिटाला ३,६०० फेऱ्यांच्या वेगाला ४.८ अश्वशक्ती असा दिला जातो.

दुसरी गोष्ट, हवा. सिलिंडरमध्ये जितका ऑक्सिजन शिरेल तितकेच इंधन जळू शकते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरला हवेचा दाब मुंबईच्या मानाने सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो. म्हणून तेथे साध्या पेट्रोल इंजिनाची शक्तीही जवळजवळ तेवढीच घटते. गरम हवा विरळ असल्याने उन्हाळ्यातही शक्ती थोडी उतरते. या अडचणीवर उपाय म्हणून प्रमाण हवा ठरवतात आणि मोजलेल्या आकड्यात गणिताने दुरुस्ती करतात. अमेरिकेतील वाहन अभियंत्यांची संघटना एसएई हिच्या निव्वळ शक्तीच्या मानकात, म्हणजे जे १३४९ मध्ये, तापमान २५ अंश सेल्सिअस आणि कोरड्या हवेचा दाब ९९ किलोपास्कल धरतात. पूर्वीच्या पद्धतीत तापमान १५.६ अंश व दाब १०१.३ किलोपास्कल धरत. एवढ्या फरकानेच आकडा सुमारे चार टक्क्यांनी फुगत असे.

तिसरी गोष्ट, वेग. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले वेग असल्याने वेग वाढवला की एका मर्यादेपर्यंत शक्ती वाढत जाते. लहान इंजिनांचा आकडा बहुधा मिनिटाला ३,६०० फेऱ्यांना देतात. आता गवत कापण्याचे हाताने ढकलायचे यंत्र घ्या. त्यात पाते थेट इंजिनाच्या दांड्यावर बसवलेले असते. पात्याखाली सापडलेला दगड गोळीसारखा उडू नये म्हणून अमेरिकी सुरक्षा मानकाने पात्याच्या टोकाच्या वेगाला मिनिटाला १९,००० फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे ९६.५ मीटर, अशी मर्यादा घातली आहे. २१ इंची, म्हणजे ५३.३ सेंटिमीटर लांबीच्या पात्याच्या टोकाने काढलेल्या वर्तुळाचा परीघ १.६७५ मीटर भरतो. ९६.५ ला १.६७५ ने भागल्यास सेकंदाला ५७.६ फेरे, म्हणजे मिनिटाला सुमारे ३,४५० फेरे येतात. याहून जास्त वेग यंत्राला मिळू नये, याची काळजी वेगनियंत्रक म्हणजे गव्हर्नर घेतो. याचा अर्थ, ३,६०० फेऱ्यांना मोजलेली शक्ती त्या यंत्रावर कधीच वापरता येत नाही. आकडा खोटा नाही, पण गिऱ्हाइकाच्या तो उपयोगाचाही नाही.

चौथी गोष्ट, वेळ. इंजिनाच्या जड फ्लायव्हीलमध्ये गतिज ऊर्जा साठवलेली असते. समजा, फ्लायव्हीलचे जडत्वाचे परिबल ०.०२ किलोग्रॅम-वर्गमीटर आहे आणि भार पडताच एका सेकंदात वेग ३,६०० वरून ३,००० फेऱ्यांवर आला. त्या सेकंदात फ्लायव्हीलने सुमारे ४३५ ज्यूल ऊर्जा सोडली, म्हणजे अर्ध्या अश्वशक्तीहून अधिक शक्ती उसनी मिळाली! ही शक्ती इंधनाची नव्हे, ती आधीच्या साठ्यातली आहे. म्हणून वेग स्थिर असतानाच घेतलेले माप खरे. शिवाय काही मिनिटे पेलणारी शक्ती वेगळी आणि दिवसभर पेलणारी शक्ती वेगळी. सतत चालणाऱ्या डिझेल इंजिनांच्या बाबतीत पट्टीवर अखंड शक्ती देण्याचा आणि त्यावर तासभर दहा टक्के जास्त भार इंजिनाने पेलला पाहिजे, असा संकेत आहे. म्हणजे तेथे पट्टीवरचा आकडा इंजिनाच्या कमाल शक्तीपेक्षा कमी असतो, तर गवत कापण्याच्या यंत्रावर तो कमाल शक्तीचा असतो. शब्द एक, पण अर्थ दोन.

आता अडचण ध्यानात येईल. या चारही बाबतींत आपल्या सोयीची बाजू निवडली, तर एकही माप खोटे न घेता आकडा पंधरा-वीस टक्क्यांनी वाढवता येतो. आणि शेजारच्या कंपनीने तो वाढवला, की प्रामाणिक कंपनीचे इंजिन दुकानात कमजोर दिसू लागते. मग तिलाही तोच मोह होतो. ही शर्यत थांबवायची कोणी?

नेब्रास्काच्या शेतकऱ्याने घेतलेला धडा

या प्रश्नाचे पहिले भक्कम उत्तर अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात मिळाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथे ट्रॅक्टर विकणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले होते. विल्मॉट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याने ‘फोर्ड’ या नावाचा एक ट्रॅक्टर घेतला. प्रसिद्ध मोटार कारखानदार हेन्री फोर्ड यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मिनिआपोलिसच्या एका कंपनीने फोर्ड आडनावाचा एक माणूस हाताशी धरून ते नाव वापरले होते. तो ट्रॅक्टर कुचकामी निघाला. त्यानंतर घेतलेल्या दुसऱ्या एका ट्रॅक्टरनेही निराशाच केली. पुढे त्यांनी रुम्ली कंपनीचा ऑइलपुल ट्रॅक्टर घेतला. तो तीन नांगर ओढील असे सांगितले होते, पण तो पाच ओढू लागला. म्हणजे बाजारात फुगवलेले आकडेही होते आणि कमी करून सांगितलेलेही होते. गिऱ्हाइकाला ते ओळखण्याचे साधन मात्र नव्हते.

क्रोझियर नेब्रास्काच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १९१९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ट्रॅक्टर चाचणीचा कायदा झाला. राज्यात विकायच्या प्रत्येक मॉडेलचा एक ट्रॅक्टर राज्य विद्यापीठाकडे चाचणीसाठी द्यायचा. विद्यापीठाने तो मोजून कंपनीच्या जाहिरातीतील दाव्याशी त्याची तुलना करायची. त्याशिवाय विक्रीचा परवाना मिळणार नाही. सुटे भाग राज्यातच मिळण्याची सोय करणेही कंपनीवर बंधनकारक झाले.

१९२० मध्ये लिंकन शहरातील विद्यापीठात पहिली चाचणी झाली ती ‘वॉटर्लू बॉय, मॉडेल एन’ या ट्रॅक्टरची. त्यावर १२–२५ असे दोन आकडे होते. नांगर ओढण्यासाठी मागच्या आकड्यापाशी मिळणारी शक्ती १२ अश्वशक्ती आणि मळणीयंत्र चालवण्यासाठी पट्ट्याच्या चाकावर मिळणारी २५ अश्वशक्ती. चाके मातीत घसरण्यात आणि दंतचक्रांच्या घर्षणात किती शक्ती जाते, ते या दोन आकड्यांतील फरकावरूनच दिसते. चाचणीत हा ट्रॅक्टर आपल्या दोन्ही दाव्यांना उतरला.

त्रयस्थ चाचणीने खोटा विक्रेता पकडला जातो हे खरेच, पण तिचा त्याहून मोठा फायदा खऱ्या विक्रेत्याला होतो. आपला आकडा खरा आहे, हे तो स्वतः कितीही ओरडून सांगत बसला तरी उपयोग नसतो. विद्यापीठाच्या एका कागदाने ते काम होते. नेब्रास्काची ही प्रयोगशाळा आजही चालू असून ट्रॅक्टर चाचणीची आंतरराष्ट्रीय नियमावली तेथे पाळली जाते.

गवत कापणाऱ्या यंत्रांचा खटला

ट्रॅक्टरच्या बाबतीत जी व्यवस्था १९१९ मध्ये आली, ती लहान इंजिनांना मात्र लागू झाली नाही. त्यांचा आकडा कंपन्या स्वतःच मोजत आणि स्वतःच लिहीत. एसएई या संघटनेची जे १९४० ही पद्धत होती, पण ती स्थूल शक्तीला अनुसरणारी होती आणि तिचे पालन तपासायला बाहेरचा कोणी नव्हता.

२००४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात काही ग्राहकांनी गवत कापणारी यंत्रे व त्यांची इंजिने बनवणाऱ्या अनेक नामवंत कंपन्यांवर दावा लावला. अश्वशक्तीचे आकडे फुगवलेले आहेत आणि एकच इंजिन वेगवेगळ्या आकड्यांच्या पट्ट्या लावून वेगवेगळ्या किमतींना विकले जाते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे देशभरातले असे दावे एकत्र करून विस्कॉन्सिन राज्यातील मिल्वॉकी येथील संघीय न्यायालयाकडे देण्यात आले. कंपन्यांनी आरोप अमान्य केले. पण २०१० मध्ये समझोता झाला आणि त्याला न्यायालयाने मान्यता दिली. कंपन्यांनी मिळून साडेसहा कोटी डॉलर देण्याचे ठरले. १९९४ पासून यंत्र घेतलेल्या ग्राहकाला ढकलायच्या यंत्रामागे जास्तीत जास्त ३५ डॉलर आणि बसून चालवायच्या यंत्रामागे जास्तीत जास्त ७५ डॉलर मिळू शकत होते. त्याशिवाय अश्वशक्ती ठरवण्याची व लिहिण्याची पद्धत सुधारण्याचेही कंपन्यांनी मान्य केले.

३५ डॉलर ही रक्कम एका माणसाच्या दृष्टीने फार मोठी नव्हे. तेवढ्यासाठी एकटा ग्राहक न्यायालयात जाणार नाही आणि प्रयोगशाळेचा खर्च तर मुळीच करणार नाही. अशा ठिकाणी आकड्याची राखण कोणी करायची, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येकाच्या एकेकट्या हुशारीवर सोडता येत नाही.

या काळात बाजारात एक गमतीचा बदल झाला. ढकलायच्या अनेक यंत्रांवरून अश्वशक्तीचा आकडाच नाहीसा झाला आणि त्या जागी टॉर्क किंवा सिलिंडरचे घनफळ लिहिले जाऊ लागले. घनफळाचा फायदा असा, की सिलिंडरचा व्यास व दट्ट्याची धाव मोजून ते कोणालाही काढता येते. पण घनफळ म्हणजे शक्ती नव्हे. भांडे केवढे आहे हे त्यावरून कळते, त्यात किती शिजले ते कळत नाही.

साक्षीदारासमोर मापन

मोटारींच्या जगात दरम्यान एक चांगली प्रथा सुरू झाली. एसएईने २००४ मध्ये निव्वळ शक्तीच्या मानकातील संदिग्ध जागा दुरुस्त केल्या आणि २००५ मध्ये जे २७२३ ही प्रमाणनाची पद्धत आणली. ती ऐच्छिक आहे. पण ‘एसएई प्रमाणित’ असे शब्द जाहिरातीत वापरायचे असतील, तर एसएईने पात्र ठरवलेला साक्षीदार चाचणीच्या वेळी हजर असला पाहिजे. इंजिनावर काय बसवले आहे, तेल व इंधन कोणते आहे, साधने तपासलेली आहेत की नाहीत, हे तो पाहतो.

या पद्धतीने प्रमाणित झालेले पहिले इंजिन शेव्हरोले कॉर्व्हेट झी०६ या मोटारीचे होते. आधी ५०० अश्वशक्ती म्हणून जाहीर झालेला त्याचा आकडा ५०५ भरला. कॅडिलॅक एसटीएस-व्ही या मोटारीचा आकडा ४४० वरून ४६९ वर गेला. उलट, सुधारलेल्या मानकाप्रमाणे मोजल्यावर टोयोटा कॅम्रीच्या ३ लिटर इंजिनाचा आकडा २१० वरून १९० वर आला. यातील कोणतेही इंजिन रातोरात सशक्त किंवा अशक्त झाले नव्हते. सर्वांना एकच गज लावल्यावर कोणाची उंची वाढलेली दिसली, कोणाची कमी झालेली दिसली, इतकेच. ही पद्धत स्थूल शक्तीच्या मापनालाही लागू पडते आणि लहान इंजिनांच्या उत्पादकांनाही खुली आहे. सक्ती मात्र नाही.

आपल्याकडची व्यवस्था

आपल्या देशातही त्रयस्थ चाचणीची परंपरा आहे. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टर व शेतीची यंत्रे तपासली जातात आणि त्यांचे अहवाल तयार होतात. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था इंजिनांच्या व वाहनांच्या चाचण्या करते. २० किलोवॉटपर्यंतच्या, स्थिर वेगाने चालणाऱ्या डिझेल इंजिनांसाठी भारतीय मानक क्रमांक १०००१ हे १९८१ मध्येच तयार झाले. ज्या इंजिनावर आयएसआय चिन्ह असते, त्याचा आकडा केवळ कारखानदाराच्या शब्दावर उभा नसतो. म्हणून इंजिन घेताना किमतीआधी हे चिन्ह व त्याखालचा मानक क्रमांक पाहावा.

पट्टी वाचताना

मग ज्याच्याकडे शक्तिमापक नाही, त्याने काय करावे? तीन प्रश्न विचारावेत. ही शक्ती स्थूल की निव्वळ? कोणत्या वेगाला आणि किती वेळ मिळणारी? आणि मोजली कोणासमोर?

त्याशिवाय एक ढोबळ पडताळाही हाताशी ठेवावा. हवेने थंड होणाऱ्या, चार धावांच्या लहान पेट्रोल इंजिनात दर १०० घनसेंटिमीटरमागे सुमारे ५ ते ६.५ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. कारण साध्या इंजिनात दट्ट्यावर पडणारा सरासरी परिणामी दाब ठरावीक मर्यादेतच, म्हणजे वातावरणाच्या सुमारे ६ ते ८ पटींत असतो. मिनिटाला ३,६०० फेऱ्यांना याचा अर्थ दर १०० घनसेंटिमीटरमागे सुमारे अडीच ते सव्वातीन अश्वशक्ती निव्वळ. या हिशेबाने १९० घनसेंटिमीटरचे इंजिन पावणेपाच ते सव्वासहा अश्वशक्तीचे असायला हवे. पट्टीवरचा आकडा याच्या फार वर असेल, तर तो खोटाच आहे असे म्हणू नये, पण वरचे तीन प्रश्न अवश्य विचारावेत.

विद्यार्थी मित्रहो, प्रयोगवहीत एखादी राशी लिहिताना शिक्षक तुम्हांला एकक लिहायला लावतात. इंजिनाच्या आकड्यापुढे नुसते ‘अश्वशक्ती’ लिहूनही भागत नाही, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. मापनाची परिस्थिती आणि मापनाचा साक्षीदार हेही त्या आकड्याचेच भाग आहेत.

सोडवून पाहा

१. प्रोनीच्या ब्रेकचा दांडा ०.४ मीटर लांब असून तराजूवर ३० न्यूटन बल दिसते. वेग मिनिटाला २,४०० फेरे असल्यास अश्वशक्ती किती?

२. पट्टीवर ७.५ मेट्रिक अश्वशक्ती लिहिले आहे. ७४६ वॉटच्या अश्वशक्तीत हा आकडा किती होईल?

३. ५३.३ सेंटिमीटर लांबीचे पाते मिनिटाला ३,१०० फेरे घेत आहे. त्याच्या टोकाचा वेग ताशी किती किलोमीटर?

४. चार धावांच्या, २०० घनसेंटिमीटरच्या साध्या पेट्रोल इंजिनावर ‘३,६०० फेऱ्यांना ९ अश्वशक्ती’ असे लिहिले आहे. त्यासाठी किती टॉर्क लागेल? तो पटण्याजोगा आहे काय?

उत्तरे : (१) सुमारे ४. (२) सुमारे ७.४. (३) सुमारे ३११. (४) सुमारे १७.८ न्यूटन-मीटर, म्हणजे दर १०० घनसेंटिमीटरमागे ८.९. हे नेहमीच्या मर्यादेपेक्षा बरेच जास्त असल्याने आकडा कोणी व कसा मोजला, याची चौकशी करावी.